उत्तनचीं ख्रिस्ती देवळें आणि 'गॉथिक' हें नांव

जुन्या दगडी देवळास 'हेमाडपंती' म्हणण्याची जी संवय आम्हां महाराष्ट्रीयांस जडली आहे, तिच्यामुळें केवढा घोटाळा होतो हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील असल्याचें तेथील शिलालेखावरून ठरलें आहे. हेमाद्रि पंडित देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादवांच्या पदरीं होता. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे देऊळ उभें राहून दोन शतकें लोटल्यावर जो पुरुष उदयास आला त्याचें नांव देवळास चिकटलें, आणि एकदां नांव चिकटल्यावर देऊळ डोळे उघडून पाहण्याची कोणास गरज उरली नाहीं. ख्रिस्ती देवळांच्या बाबतींत 'गॉथिक' या शब्दानें अगदीं हेंच काम केलें आहे. उंच दिसलें, जुनें दिसलें, कमान दिसली, कीं झालें गॉथिक! हा दोष आम्ही दुसऱ्याच्या पदरीं बांधण्यासाठीं सांगत नाहीं. तो आमच्याच पदरीं कसा आला, तेंच प्रथम सांगतों.

उत्तन हा ठाणें जिल्ह्यांतील गांव आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतो. जुन्या कागदांत ज्यास धारावी बेट म्हटलेलें आढळतें (मुंबईंतील धारावीशीं याची गल्लत करूं नये) त्याच्या समुद्राकडील अंगास हा गांव वसला आहे. उत्तन, चौक, पाली, डोंगरी, तारोडी, गोराई, मनोरी अशी या बेटावरील गांवांची माळ आहे. चौकच्या टेंकडीवर उभें राहिलें असतां उत्तरेस खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची व शेतकऱ्यांची, भाषा मराठी. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असतात. गांवचे लोक आपल्या चर्चला सहज 'देऊळ' म्हणून जातात, तेव्हां आम्हीहि या लेखांत दोन्ही शब्द मोकळेपणानें वापरणार आहों.

आमचे एक जुने विद्यार्थी तेथें शिक्षक आहेत. त्यांच्या घरीं गेलों असतां शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातीची वही घेऊन आले. 'माझा गांव' या निबंधांत तिनें लिहिलें होतें कीं, आमच्या गांवचें देऊळ गॉथिक आहे, कारण तें फार जुनें व उंच असून त्यास कमानी आहेत. म्हाताऱ्यांनीं विचारलें, "मास्तर, पोरीनें लिवलंय तें खरं काय?" आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच आमचे विद्यार्थी जरा संकोचानें म्हणाले, "सर, हें मीच तिला सांगितलें. आणि मला आपण सांगितलें होतें."

तें खरें होतें. वर्गांत इतिहास शिकवितांना आम्ही वर्षानुवर्षें हेंच सांगत आलों होतों. संस्कृताच्या तासाला एका विभक्तीची चूक खपवून न घेणारे आम्ही, परंतु एका परक्या शब्दाचा अर्थ काय हें पाहण्याची तसदी घेतली नव्हती. त्या चुकीचें क्षालन म्हणून हा लेख समजावा.

प्रथम शब्दाचीच व्युत्पत्ति पाहूं. गॉथ ही जर्मानिक टोळी. तिनें इ. स. ४१० मध्यें रोम नगर लुटलें, त्यामुळें इटलींतील सुशिक्षितांच्या तोंडीं 'गॉथ' हा शब्द आपल्याकडील 'म्लेंच्छ' या शब्दासारखा झाला. सोळाव्या शतकांत व्हासारी नांवाच्या चित्रकारानें इटलींतील कलावंतांचीं चरित्रें लिहिलीं. प्राचीन रोमच्या गोल कमानींचा तो अभिमानी असल्यामुळें उत्तरेकडील उंच, टोंकदार इमारती त्यास रानटी वाटल्या, व त्या त्यानें गॉथांच्या माथीं मारल्या. वास्तविक ही पद्धति गॉथ टोळ्या इतिहासांतून नाहींशा झाल्यावर कित्येक शतकांनीं फ्रान्समध्यें जन्मास आली. पॅरिसजवळील सां-दनी येथील मठाधिपति स्यूझे यानें आपल्या चर्चचा पूर्वेकडील भाग नव्यानें बांधून इ. स. ११४४ मध्यें त्याची प्रतिष्ठा केली. गॉथिकाचा आरंभ म्हणून सामान्यतः याच इमारतीकडे बोट दाखवितात. म्हणजे हेमाडपंतीप्रमाणेंच 'गॉथिक' हेंहि मागाहून लागलेलें व चुकीचें नांव. फरक एवढाच कीं, हेमाद्रीचें नांव कौतुकानें लागलें आणि गॉथांचें शिवी म्हणून.

नांव चुकीचें असलें तरी त्यानें दर्शविलेली वस्तु मात्र खरी व निश्चित आहे. तिचें मर्म शोभेंत नसून भार वाहण्याच्या युक्तींत आहे. हें ध्यानांत येण्यास आपल्याच देवळापासून आरंभ करणें सोयीचें.

अंबरनाथच्या मंडपांत उभें राहून वर पाहावें. आपल्या शिल्पग्रंथांत वितानांचे समतल, क्षिप्त, उत्क्षिप्त असे भेद सांगितले आहेत. पण भेद कोणताहि असो, तत्त्व एकच. खांबावर तुळई, आणि तुळईवर दगडांचे थर, प्रत्येक थर खालच्या थरापेक्षां किंचित आंत सरकलेला. असे थर सरकत सरकत मध्यभागीं मिळतात. यांत प्रत्येक दगड सरळ खालीं दाबतो. बाजूस कोणी कोणास ढकलीत नाहीं. म्हणून अशी इमारत स्वस्थ बसलेली असते. परंतु दोन खांबांतील अंतर फार वाढवितां येत नाहीं, कारण दगडाची तुळई लांब झाली कीं मोडते. कमानीची गोष्ट याच्या उलट. तिच्यांतील पाचरीसारखे दगड एकमेकांस रेटून धरतात, म्हणून लहान दगडांनीं मोठें अंतर पार करतां येतें. परंतु तो रेटा खालीं येतांना दोन्ही बाजूंच्या भिंतींस बाहेर ढकलीत राहतो. कमानीला झोंप नसते, अशा अर्थाची एक म्हण फर्ग्युसन यानें हिंदु लोकांची म्हणून नोंदून ठेविली आहे. ती कोणत्या पाथरवटाच्या तोंडची असेल तो असो, त्यास स्थापत्याचें रहस्य कळलें होतें यांत शंका नाहीं.

आतां अर्धवर्तुळाकार कमान घेतली तर तिची उंची आपल्या हातीं नसते; ती रुंदीच्या निम्मी असावयाचीच. समजा, दहा हात बाजूच्या चौरस जागेवर दगडी छत घालावयाचें आहे. चार बाजूंवर गोल कमानी घातल्या तर त्यांची उंची पांच हात. पण कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ज्या दोन कमानी जातील त्यांची रुंदी दहा नव्हे. शुल्बसूत्रांत ज्या कर्णास 'द्विकरणी' म्हटलें आहे तोच हा कर्ण. दहाच्या चौरसास तो सुमारें चौदा हात येतो. म्हणजे त्या तिरप्या कमानींची उंची सात हात. बाजूच्या कमानी पांचांवर थांबणार, मधल्या सातांवर जाणार. माथे जुळावयाचे कसे? यज्ञवेदी आंखणाऱ्या आमच्या पूर्वजांस हा पेंच क्षणांत समजला असता. चौरस सोडून लांबट जागा घेतली तर तर घोटाळा आणखीच वाढतो.

टोंकदार कमानीनें हा पेंच सुटतो. दोन वर्तुळखंड एकमेकांस माथ्यावर भेटविले कीं कमानीची रुंदी तीच ठेवून उंची हवी तेवढी वाढवितां येते. बाजूच्या दहा हातांच्या कमानीहि मग सात हात उंच करतां येतात व सर्व माथे एका पातळीवर येतात. शिवाय कमान जितकी उभट, तितका तिचा बाहेरचा रेटा कमी. याच्या जोडीस फ्रान्सच्या गवंड्यांनीं दुसरी युक्ति योजिली. तिरप्या कमानी त्यांनीं बरगड्यांसारख्या स्वतंत्र व भक्कम बांधल्या आणि मधल्या जागा हलक्या दगडांनीं भरून काढल्या. छताचा भार या बरगड्यांवाटे चार कोपऱ्यांवर उतरला. कोपऱ्यांवर जो रेटा येई तो पेलण्यास बाहेरून दगडी धिरे दिले. इमारत फार उंच असेल तेथें धिरे भिंतीपासून दूर उभे करून अर्ध्या कमानींनीं ते भिंतीशीं जोडले. इतकें झाल्यावर धिऱ्यांमधल्या भिंतीस कांहीं कामच उरलें नाहीं! तेव्हां भिंत काढून टाकून तेथें कांच बसविली. रंगीत कांचांच्या त्या प्रचंड खिडक्या, ज्यांची एवढी कीर्ति आहे, त्या अशा रीतीनें गणितांतून निघाल्या. त्या धंद्यांत धाडसाला शिक्षाहि होत असे. बोव्हे येथें सुमारें १५७ फूट उंचीवर नेलेलें दगडी छत इ. स. १२८४ मध्यें कोसळलें.

यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, नुसती टोंकदार कमान ही गॉथिकाची खूण नव्हे. तसें असतें तर विजापूरची जामा मशीदहि गॉथिक ठरली असती. टोंकदार कमान मुसलमानी स्थापत्यांत फ्रान्सच्या कितीतरी आधीं रूढ होती. गॉथिक म्हणजे भिंतीला भारांतून मुक्त करून प्रकाशाला वाट देणें.

ही मोजपट्टी हातीं घेऊन आतां उत्तनला परत येऊं. गुजराथच्या बहादुरशहानें इ. स. १५३४ च्या तहानें वसई प्रांत पोर्तुगिजांस दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट इत्यादि पंथांच्या पाद्र्यांनीं वसई, साष्टी व धारावी बेट यांत देवळें उभारलीं. उत्तनचें समुद्रमातेचें, डोंगरीचें बेथलेहेम मातेचें, गोराईचें तीन राजांचें हीं या परंपरेंतलीं. पुढील काळांत तीं दुरुस्त झालीं, वाढलीं; अशा देवळांत मूळचा भाग कोणता व नवा कोणता हें प्रत्येक ठिकाणीं स्वतंत्रपणें पाहावें लागतें. परंतु पोर्तुगीज अमदानींतील या प्रांताचा जो सर्वसाधारण सांचा आहे, तो वसईच्या किल्ल्यांतील उघड्या पडलेल्या अवशेषांवरून स्वच्छ दिसतो. छप्पर गेल्यामुळें तेथें इमारतीचीं हाडें दिसतात; विद्यार्थ्यास याहून चांगली शाळा नाहीं.

तो सांचा असा. एकच लांबट दालन, बहुधा बाजूस ओवऱ्या नाहींत. भिंती दगडचुन्याच्या व चांगल्या जाड. घडीव दगड फक्त कोपऱ्यांस, दारांच्या चौकटींस व कमानींस. दालनावर दगडी छत नसून लांकडी तुळया, वासे व त्यांवर कौलें. दालनाच्या शेवटीं एक मोठी गोल कमान, आणि तिच्या पलीकडे दालनापेक्षां अरुंद असा गाभारा. दगडी छत असलेंच तर तें या गाभाऱ्यावर, आणि तें पिंप उभें चिरून पालथें घातल्यासारखें अर्धगोल, बरगड्या नाहींत. दर्शनी भिंत सपाट, अर्धस्तंभांनीं खणांत विभागलेली, वर त्रिकोणी किंवा वळसेदार माथा. मनोरा असल्यास बहुधा एका बाजूस. या सर्वांत भार वाहते ती भिंत. ती जाड आहे म्हणून धिऱ्यांची फारशी गरज नाहीं, आणि ती भार वाहते म्हणून तींत मोठ्या खिडक्या पाडतां येत नाहींत. आमच्या मोजपट्टीनें हें गॉथिकाच्या नेमकें उलट टोंक होय.

पोर्तुगीज येथें आले तेव्हां युरोपांतच वारें फिरलें होतें. इटलींतून रोमच्या गोल कमानींची आवड सर्वत्र पसरली होती व ज्या मताच्या लोकांनीं 'गॉथिक' ही शिवी रूढ केली त्यांचाच वरचष्मा होता. परंतु आमच्या मतें दुसरेंहि एक कारण आहे, आणि तें कोंकणांत वैशाख काढलेल्या मनुष्यास सांगावें लागणार नाहीं. गॉथिकाची सारी धडपड प्रकाशासाठीं. उत्तर फ्रान्सच्या अभ्राच्छादित आकाशाखालीं ती योग्यच. उत्तनच्या उन्हांत भिंतींच्या जागीं कांचा लावल्या असत्या तर भक्तांचे हाल झाले असते. जाड भिंत, बेताच्या खिडक्या, आषाढाच्या धारा झटकून टाकणारें उतरतें कौलारू छप्पर, ही त्या हवेचीच मागणी होती.

दगडाबद्दल थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण या बेटाचा खरा मान त्यांत आहे. सह्याद्रीचा सर्वसाधारण दगड काळा कातळ. पण डोंगरी-उत्तनच्या टेंकड्यांत ज्वालामुखीच्याच रसाचा, परंतु फिकट रंगाचा व निराळ्या घटनेचा दगड आहे. धारावीच्या खाणींतला दगड खाडी ओलांडून वसईच्या बांधकामांत गेला. वसईकडचा दगड तर थेट गोव्यापर्यंत जाई. जुन्या गोव्यांतील बॉम जेझुस हें प्रसिद्ध चर्च (बांधकाम १५९४ ते १६०५) तेथल्या तांबड्या जांभ्याचें आहे. पण त्याच्या दर्शनी भागावरील नक्षीकामाचा दगड वसईहून नेलेला आहे. जांभ्यावर बारीक छिन्नी चालत नाहीं. भुसभुशीत दगडावर वेलबुट्टी काढूं जाणाऱ्यास त्याचें कारण कळेल. धारावीची खाण कोणत्या इमारतीला किती दगड पुरवी याचा हिशेब कोणी लावील तर तें एक चांगलें संशोधन होईल.

आणि तो दगड घडविणारे हात? नकाशा पाद्र्यांचा, पण छिन्नी येथल्या पाथरवटाची. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारांत सुमारें १७ फूट उंचीचा एकसंध दगडी क्रूस आहे. त्यावर ख्रिस्ताच्या यातनांचीं चिन्हें उठावांत कोरलेलीं आहेत. तो पाहतांना आम्हांस बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांची आठवण झाली. त्यांवरहि उभ्या दगडाचे पट्टे पाडून नाविक युद्धाचीं चित्रें अशींच खालून वर रचलेलीं आहेत. या दोहोंत कांहीं संबंध आहे असा आमचा दावा नाहीं. मध्यें कित्येक शतकें आहेत. परंतु एकाच साष्टी बेटावरील हे दोन नमुने शेजारीं ठेवून पाहण्याजोगे आहेत, इतकें खास. लांकूडकामाचीहि तीच कथा. वेदीमागील सोन्याचा वर्ख दिलेली, पिळाच्या खांबांची कोरीव पाठ हा पोर्तुगीज चर्चांतील कलेचा मुकुटमणि; ती येथल्याच सुतारांच्या हातून घडली, आणि कोयरी व पानवेल तींत कशी शिरली हें त्यांनाच ठाऊक.

मग खरें गॉथिक पाहावयाचें कोठें? पोर्तुगिजांच्या हातून त्याचा एक शेवटचा उसासा पश्चिम किनाऱ्यावर उमटला आहे. जुन्या गोव्यांत टेंकडीवर रोझरी मातेचें चर्च आहे. बांधकाम १५४४ ते १५४९. त्याच्या पोर्चच्या छतास गॉथिक बरगड्या आहेत, आणि बाहेरून दगडांत दोरखंडाचे पीळ कोरलेले आहेत. राजा मानुएल याच्या नांवानें ओळखली जाणारी ही पोर्तुगालची खास शैली, अस्तास जाणाऱ्या गॉथिकाला खलाशांच्या दोरांनीं बांधलेली. आंत दोना कातारिना हिची समाधि आहे, आणि तिची कोरणी मात्र गुजराथी घाटाची! एका छताखालीं लिस्बन व खंबायत यांची अशी भेट अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

दुसरें गॉथिक तीनशें वर्षांनीं इंग्रजांबरोबर आलें. तें जिवंत परंपरेचें नव्हे, पुनरुज्जीवनाचें. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत धर्मनिष्ठ मंडळींस असें वाटूं लागलें कीं, मध्ययुगांतील खेड्यांतलें चर्च हेंच खरें चर्च. त्या मताचें मुंबईतील पहिलें मोठें फळ म्हणजे कुलाब्याचें सेंट जॉन चर्च, लोकांच्या तोंडीं 'अफगाण चर्च'. उत्तनच्या देवळाशीं ताडून पाहण्यास याहून चांगलें उदाहरण जवळपास नाहीं, म्हणून आमच्या विद्यार्थ्यास घेऊन आम्ही तेथें मुद्दाम गेलों.

विलायतेहून आलेला पहिला नकाशा बाजूस राहून हेन्री कॉनिबेअर याचा नकाशा पसंत झाला. साष्टींतील विहार तलावाची योजना आंखणारा इंजिनियर तो हाच. काम १८४७ त सुरू झालें, ७ जानेवारी १८५८ रोजीं प्रतिष्ठा झाली आणि मनोरा १८६५ त पुरा झाला. तो १९८ फूट उंच असून समुद्रावरून येणाऱ्या गलबतांस खूण म्हणून उपयोगी पडे. भिंती इकडच्याच पिवळसर कातळाच्या व चुनखडीच्या दगडाच्या आहेत. आंत शिरतांच आमच्या विद्यार्थ्यानें मान वर केली आणि म्हणाला, "सर, बरगड्या कोठें आहेत?" प्रश्न बरोबर होता. छत लांकडी आहे. इंग्लंडच्या खेड्यांतील गॉथिक चर्चांनाहि बहुधा लांकडीच छत असे. दगडी वितान ही मोठ्या कॅथीड्रलांची चैन. म्हणजे आम्हीं वर जी मोजपट्टी दिली ती एकाच खुणेवर चालवूं गेल्यास फसते, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

तरी पण नजर स्थिरावल्यावर फरक उमगूं लागतो. मधल्या दालनाच्या दोन्ही अंगांस ओवऱ्या आहेत, आणि मध्यें भिंत नसून रुंद टोंकदार कमानींची रांग आहे. भिंतीचें जडत्व तेथें वितळून गेलें आहे. गाभारा पन्नास फूट लांब व सत्तावीस फूट रुंद. त्याच्या शेवटीं पूर्वेची मोठी रंगीत खिडकी, व समोर पश्चिमेची. दोन्ही विल्यम वेल्स या नामांकित इंग्रज कांच-कारागिराच्या. सकाळीं पूर्वेच्या खिडकींतून येणारा निळा-तांबडा उजेड फरशीवर पडतो. फरशीच्या भूमितीच्या आकृती असलेल्या लाद्या विलायतेहून आणविलेल्या आहेत. आंतील सजावटींत विल्यम बटरफील्ड याचा हात आहे. उत्तनकडच्या देवळांत पाहणाऱ्याचें चित्त वेदीच्या सोनेरी लांकडावर जाऊन ठरतें. येथें तें कांचेवर जातें. दोन पद्धतींतला भेद आम्हांस तरी या एका अनुभवानें पुस्तकांपेक्षां अधिक समजला.

हें चर्च युद्धस्मारक आहे. इ. स. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धांत व सिंधच्या मोहिमेंत मेलेल्यांसाठीं तें उभारलें. अधिकाऱ्यांचीं नांवें गाभाऱ्याच्या भिंतींवर आहेत. साध्या शिपायांची संख्या फार, म्हणून त्यांचीं नांवें घालतां आलीं नाहींत, असें तेथल्या लेखांतच म्हटलें आहे. बाकांना बंदुका टेकविण्यासाठीं खांचा आहेत. उपासनेच्या जागीं त्या खांचा पाहून मनास कसेंसेंच होतें. पण इतिहासलेखकानें त्या पाहिल्याच पाहिजेत.

पुढें सरकारी इमारतींसाठीं गॉथिक वापरण्याची जी लाट मुंबईंत आली, तिचा येथें विचार कर्तव्य नाहीं. एवढेंच नमूद करतों कीं, वांद्र्याच्या मोतमावलीचें सध्यांचें चर्च १९०४ चें असून गॉथिक घाटाचें आहे, व त्याचा शिल्पज्ञ शापुरजी चांदाभॉय हा पारशी होता. मोतमावलीला जाणारे उत्तनचे कोळी तेथील टोंकदार कमानी पाहतात, आणि आपल्या गांवच्या देवळाचेंहि नांव तेंच असावें असें त्यांस वाटतें. हा गैरसमज अगदींच निष्कारण नाहीं.

परंतु गैरसमजाचा परिणाम होतो. इ. स. १७३९ च्या आरंभीं मराठ्यांनीं धारावी जिंकली व त्याच वर्षीं मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढें वसई पडली. वसई प्रांतांतल्या घंटा देशावर गेल्या. नाना फडणिसांच्या मेणवलीस, भीमाशंकरास व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत अशा घंटा आजहि आहेत. पण देवळांतली पूजा थांबली नाहीं. १७६० त साष्टींतून गेलेला फ्रेंच पंडित आंकतील दु पेरों यास ख्रिस्ती लोकांचा उत्सव उघडपणें चाललेला आढळला. म्हणजे राज्य बदललें, त्यांतूनहि हीं देवळें वांचलीं. आज त्यांस धोका आहे तो भक्तीचाच. वस्ती वाढली, जागा पुरेना, तेव्हां वाढवावें असें गांवास वाटणें रास्त आहे. पण आपलें देऊळ गॉथिक असल्याची समजूत असली कीं, नव्या सिमेंटच्या भिंतींत टोंकदार खिडक्या बसवून 'जुनें रूप राखल्याचें' समाधान मिळतें. आणि जी खरोखर जुनी वस्तु, ती गाभाऱ्यापुढील गोल कमान, ती घडीव दगडी चौकट, तो जाड भिंतीचा तुकडा, ती 'गॉथिक दिसत नाहीं' म्हणून राडारोड्यांत जाते. असें आम्हीं एके ठिकाणीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. गांवाचें नांव घेत नाहीं. हेमाडपंती म्हणविणाऱ्या देवळांस तैलरंग फांसणारे आमचे हिंदु विश्वस्त याहून शहाणे नाहींत.

त्या दिवशीं उत्तनला मुलीच्या वहींत काय लिहावें हा प्रश्न मात्र राहिलाच होता. आम्हीं चूक कबूल केली आणि 'गॉथिक' हा शब्द खोडावयास सांगितला. तिनें तो खोडला, आणि विचारलें, "मग काय लिहूं?" एका शब्दांत सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. पोर्तुगीज अमदानींतील, जाड भिंतींचें व गोल कमानीचें, असें आम्ही सांगूं लागलों. म्हातारे मध्येंच म्हणाले, "आणि दगड आमच्या डोंगराचा, तें पण लिव." तें खरें कीं नाहीं हें खाणीचा दगड व भिंतीचा दगड शेजारीं ठेवून ठरवावें लागेल. आमच्या विद्यार्थ्यानें नाताळच्या सुटींत बेटावरील देवळांच्या भिंतींची जाडी, गाभाऱ्यापुढील कमानींची रुंदी व उंची, आणि दगडाचे नमुने गोळा करण्याचें पत्करलें आहे. तीं मापें हातीं आलीं म्हणजे पुढील एखाद्या अंकीं वाचकांस सादर करूं.